साडेत्रेचाळीस मिलिमीटर

दुकानात आल्या की टीचर पर्स ठेवायच्या, पंखा लावायच्या आणि कोणाशी एक शब्द न बोलता तपासणीच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरच्या स्क्रीनला स्टीलची फूटपट्टी लावायच्या. स्क्रीनवर एकच मोठं अक्षर असायचं, बहुतेक वेळा 'ग'. एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक दातांत, पट्टी खालून वर. मग आतून आवाज यायचा, "साडेत्रेचाळीस." तो आला की आमचं दुकान उघडलं. शटर त्याआधी अर्धा तास वर गेलेलं असायचं, पण त्याला काही अर्थ नव्हता.

मालाडला स्टेशनच्या पश्चिमेला, मार्केटच्या गल्लीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं. मी काउंटरला. फ्रेमी दाखवायच्या, "हा तुम्हाला छान दिसतो हं" असं दिवसातून चाळीसदा म्हणायचं, बिल करायचं, काचांची ऑर्डर पाठवायची, हे माझं काम. डोळे तपासायचं काम टीचरांचं. त्या कुठल्याही शाळेत शिकवत नव्हत्या. एकदा एक पाच वर्षांचा मुलगा तपासून बाहेर आला आणि आईला म्हणाला, ही टीचर सगळं मलाच विचारते, स्वतः काहीच सांगत नाही. तेव्हापासून दुकानात, गल्लीत, समोरच्या केमिस्टकडे त्या टीचर झाल्या. त्यांनाही आवडलं असावं, कारण नावाने हाक मारली तर त्या जरा उशिराने वळायच्या.

मार्व्याच्या रस्त्याला जुनं गावठाण आहे ना, इमारतींच्या मधोमध कौलारू घरं आणि कोपऱ्यावर क्रूस, तिथलं त्यांचं ख्रिस्ती घर. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीसोबत राहायच्या. वडिलांची भातशेती होती, जिथे आता पार्किंग आहे. त्या पार्किंगमधून जाताना त्या मला बोट दाखवून सांगायच्या, इथे विहीर होती, इथे आमचा बैल बसायचा. अंगात सुती ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. जेवायला दुपारी घरी जायच्या आणि बरोब्बर पाऊण तासाने परत. रविवारी चर्चमध्ये पहिली मिस्सा करून दुकानात.

आता तुम्ही म्हणाल, अक्षर रोज मोजायचं काय? अक्षर काय रात्रीत वाढतं? मीही पहिल्या आठवड्यात हेच विचारलं होतं आणि मला पूर्ण शिकवणी मिळाली. आमची खोली लहान, खुर्ची स्क्रीनपासून तीन मीटरवर. तेवढ्या अंतरावर सगळ्यात वरचं अक्षर साडेत्रेचाळीस मिलिमीटर उंच हवं. खालच्या ओळी त्याच हिशेबात लहान लहान होत जातात. जुना छापील तक्ता भिंतीला टांगला की टांगला, तो काही बदलत नाही. पण कॉम्प्युटरचं तसं नाही. कोणीही सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले शंभर टक्क्यांचा सव्वाशे करतो, नाहीतर रिझोल्यूशन कमी करतो, आणि तक्त्यावरचं प्रत्येक अक्षर फुगतं. समोरच्याला एक ओळ जास्त वाचता येते. त्याचे डोळे आहेत तसेच आहेत, पण कागदावर ते सुधारले.

"आणि माणूस खुशीत घरी जातो," टीचर म्हणाल्या. "हे सगळ्यात वाईट."

एकदा शेठना हुक्की आली. तपासणीच्या खोलीत त्यांनी भलामोठा टीव्ही आणून लावला, जुना मॉनिटर काढला. गिऱ्हाइकावर छाप पडते म्हणाले. जोडणाऱ्या माणसाने काय सेटिंग केलं देव जाणे, अक्षरं आडवी पसरली, कडा धुरकट. टीचरांनी पट्टी उभी लावली, आडवी लावली आणि शेठना बोलावून सांगितलं की तुमचं अक्षर लठ्ठ झालंय. शेठ म्हणाले, मोठं तर दिसतंय ना, मग झालं. त्यावर टीचरांचं ठरलेलं वाक्य आलं, "मोठं दिसणं वेगळं, स्पष्ट दिसणं वेगळं." त्या दिवशी त्यांनी एकही डोळा तपासला नाही. स्टुलावर बसून राहिल्या. संध्याकाळी जोडणारा माणूस परत आला, रिझोल्यूशन टीव्हीच्या मापाचं केलं, तरी टीचरांचं समाधान होईना. शेवटी टीव्ही शेठच्या घरी गेला आणि मॉनिटर परत जागेवर आला. शेठच्या बायकोने टीचरांना दिवाळीला साडी दिली, ती उगीच नव्हे.

तपासताना त्या स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. स्क्रीनला पाठ, समोरच्याच्या तोंडाकडे नजर. कोण डोळे बारीक करतंय, कोण मान वाकडी करतंय, कोण अंदाज मारतंय, सगळं तिथे दिसतं म्हणायच्या. आपली माणसं किती बनेल असतात तुम्हाला सांगायला नको. बाहेर बाकावर बसून आतल्याचं ऐकून पाठ करतात. चाचणी म्हटली की पास व्हायचंच, मग ती आपल्याच डोळ्यांची का असेना. म्हणून टीचर बटण दाबून दर माणसाला अक्षरं बदलायच्या, सगळे संच त्यांना पाठ होते, आणि शांतपणे म्हणायच्या, "दिसतंय ते सांगा. वाटतंय ते नको."

एवढं सगळं त्यांच्यासमोर चालायचं आणि मी स्वतः काय करत होते? त्रेचाळीस वर्षांची झाले होते. बिलावरचे आकडे हात लांब करून वाचत होते. हात पुरेना झाला तेव्हा बिल काउंटरच्या पलीकडे ठेवून वाचायला लागले. चष्म्याच्या दुकानातली बाई, दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवणारी, आणि स्वतःला चाळिशी लागली हे कबूल करायला तयार नाही. का, ते मला विचारू नका. वय झालं असं वाटायचं, झालं.

तर तो शनिवार. आमचा काउंटरचा कॉम्प्युटर सकाळीच बंद पडला. दुपारी टीचर जेवायला गेल्या आणि काचांच्या ऑर्डरी चारच्या आत पाठवायच्या होत्या, म्हणून मी तपासणीच्या खोलीत जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. स्क्रीनवरची अक्षरं मुंगीएवढी. प्लस की मायनस, सव्वा की दीड, काही कळेना. चुकीची काच आली तर शेठ मला कच्चं खातील. मग काय, सेटिंगमध्ये गेले, डिस्प्लेचे शंभर टक्के होते ते सव्वाशे केले. झकास दिसायला लागलं. ऑर्डरी पाठवल्या. आता परत शंभर करावं म्हणून माउस हातात घेतला, तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला.

बाबांना मी महिनाभर मागे लागून बोलावलं होतं. त्यांना डायबिटीस. माझे काका, त्यांचे सख्खे थोरले भाऊ, साखरेनेच आंधळे झाले आणि शेवटची सहा वर्षं भिंतीला हात लावत घरात फिरले. बाबांनी ते रोज बघितलं होतं. त्यामुळे डोळे तपासायचा विषय काढला की ते पेपर उघडून बसायचे. मागच्या वर्षी टीचरांनीच त्यांना तपासलं होतं, शेवटून दुसरी ओळ वाचली होती. या वर्षी मला शंका यायला लागली होती. चहाचा कप ठेवताना टेबलाची कड चुकायची. आणि रोज सकाळी ते माझ्या मुलीला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडत होते.

ते आले म्हटल्यावर मी सगळं सोडून धावले. पाणी दिलं, बसवलं, उगीच इकडचं तिकडचं बोलले, कारण ते पळून जातील अशी भीती. टीचर आल्या, हात धुतले आणि बाबांनाच पहिलं आत घेतलं.

मी दाराशी उभी होते. बाबा एकेक अक्षर सांगत होते. शेवटून दुसरी ओळ आली. थांबत थांबत, पण पाचही अक्षरं बरोबर. टीचर म्हणाल्या, गेल्या वर्षी होतं तिथेच आहे, साखर सांभाळा. बाबा खुर्चीतून उठले तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा होता. महिनाभराची नाही, काका गेले तेव्हापासूनची भीती उतरली होती. घरी येताना त्यांनी पेढे आणले. डायबिटीसच्या माणसाने स्वतः पेढे आणले आणि अर्धा स्वतः खाल्लाही, आणि मी काही बोलले नाही. मलाही रडू येत होतं आनंदाने. सेटिंगचं डोक्यातून पार गेलं.

रविवारी सकाळी टीचर मिस्सा करून आल्या. पर्स, पंखा, आत. मी फ्रेमी पुसत होते. साडेत्रेचाळीस काही ऐकू येईना. आत डोकावले तर त्या पट्टी धरून उभ्या. दुसऱ्यांदा मोजलं. मग पट्टी खाली ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"चोपन्न," त्या म्हणाल्या. "काल सकाळी मी मोजलं होतं गो. बरोबर होतं."

मला माझे सव्वाशे टक्के आठवले. बोलायला तोंड उघडलं, खरंच उघडलं. पण त्यांचं आपलं चालूच होतं. जेवायला जायच्या आधी त्यांनी कीबोर्ड पुसला होता, फडक्याने काहीतरी दाबलं गेलं असणार. परत आल्यावर पुन्हा मोजायला हवं होतं. काल दुपारनंतर जो तो खुश होऊन जात होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. एवढी वर्षं झाली आणि माझ्या हातून हे झालं, असं त्या दोनदा म्हणाल्या. तेवढ्यात शेठ आले. शेठसमोर माझं तोंड मिटलं ते मिटलंच. नोकरीची भीती होती का? होती. पण त्याहून जास्त लाज होती.

शेठ म्हणाले, एका ओळीने कोणाचं काय बिघडतं, ज्यांना त्रास होईल ते येतील आपोआप, तेव्हा काच बदलून देऊ. वाईट माणूस नाही, पण दुकानदार. टीचरांनी ऐकून घेतलं आणि रजिस्टर उघडलं. शनिवारी दुपारनंतरची माणसं नऊ. वहीत आठ. नववे बाबा, त्यांना मी घरचे म्हणून वहीत घातलंच नव्हतं. टीचरांनी आठ नावं कागदावर उतरवली आणि खाली एका ओळीत लिहिलं, 'हिचे बाबा'. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबांना मी सांगते, तुम्ही काळजी करू नका.

पाच जणांना फोन केले, ते दोन दिवसांत येऊन गेले. त्यातल्या एका काकांनी भांडणच काढलं. शनिवारी दिसत होतं आणि आज दिसत नाही म्हणजे तुमचा आजचा तक्ता खराब आहे, माझे डोळे नव्हे, असं म्हणून ते चष्मा न घेताच गेले आणि चौथ्या दिवशी मुकाट्याने परत आले. प्रत्येकाला टीचर आधी एकच सांगायच्या, "शनिवारी अक्षरं मोठी होती. चूक माझी." मी काउंटरला उभी राहून ऐकायचे. पाच वेळा ऐकलं.

तिघांचे फोन लागले नाहीत किंवा त्यांना यायला जमणार नव्हतं. टीचर त्यांच्या घरी गेल्या. छापील तक्ता गुंडाळून बगलेत, पिशवीत टेप, आणि मदतीला मी. आरे कॉलनीतली एक बाई होती, तबेल्यात कामाला. बसमधून उतरून झाडीतल्या रस्त्याने बरंच चाललो. तिने म्हशीच्या गोठ्याबाहेर खाट टाकून आम्हाला बसवलं. टीचरांनी जमिनीवर तीन मीटर मोजून खूण केली, तक्ता खुंटीला टांगला आणि तिला उभं केलं. एक ओळ कमी भरली. बाई हसून म्हणाली, म्हशी दिसतात मला, तेवढं पुरे. टीचर हसल्या नाहीत. तिच्याकडून नवीन नंबरचा चष्मा घेईन असं कबूल करून घेतलं तेव्हाच उठल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्या म्हणाल्या, "आता फक्त तुझे बाबा. सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. चार दिवस झाले होते. रोज ठरवायचे आणि रोज बाबा गुणगुणत स्कूटर काढायचे. त्यांची ती भीती मी परत त्यांच्या हातात कशी ठेवू? एकच ओळ, मी मनाशी म्हणायचे. शेठचंच वाक्य. मी खोटं बोलले नाही, गप्प बसले. टीचरांनी आणखी काही विचारलं नाही. मालाडला उतरल्यावर त्या गावठाणाकडे वळल्या नाहीत, माझ्याबरोबर आमच्या बिल्डिंगकडे चालायला लागल्या.

बाबांना वाटलं पाहुण्या आल्या. स्वतः चहा टाकायला निघाले. टीचर म्हणाल्या, चहा नंतर. आमचा हॉल तीन मीटरचा नाही, म्हणून तक्ता गॅलरीच्या दाराला लावला आणि बाबांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसवलं. मुलगी अभ्यास सोडून बघायला आली. बाबा हसत होते. हसत हसतच वरच्या ओळी वाचल्या. मग शेवटून दुसरी ओळ आली. एक अक्षर सांगितलं, चुकलं. दुसरं चुकलं. मान वाकडी केली. पुढे झुकले. टीचर त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. बाबा म्हणाले, इथे उजेड कमी आहे. टीचरांनी दिवा लावला. तरी नाही.

बाबा खुर्चीत मागे टेकले. मग बाबांनी विचारलं, "मग शनिवारी वाचलं ते काय होतं?"

"शनिवारी अक्षरं मोठी होती," टीचर म्हणाल्या. "चूक माझी. तुमची नजर एका वर्षात खाली आली आहे, बाबा. डाव्या डोळ्याची जास्त. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. चष्म्याने भागणार नाही, आत बघायला हवं. आणि स्कूटरची किल्ली आजपासून हिच्याकडे."

बाबा माझे शांत माणूस, पण त्या दिवशी भडकले. तुम्हाला मोजता येत नाही तर लोकांच्या डोळ्यांशी खेळता कशाला, म्हणाले. चार दिवस मला फुकट हसवलंत, म्हणाले. टीचर खाली मान घालून ऐकत होत्या. मी तिथेच होते, फ्रीजला पाठ टेकून. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक. नाही बोलले. टीचरांनी तक्ता गुंडाळला, चहा न घेता गेल्या. बाबांनी किल्ली टेबलावर टाकली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना बघितले मी. मुलगी मला विचारत राहिली, आजोबांना काय झालं.

डॉक्टर म्हणाले, पडद्यावर सूज आहे, साखरेची. वेळेत आलात. आणखी वर्षभर तसंच राहिलं असतं तर दोन्ही डोळ्यांना काही करता आलं नसतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली, एक झालं की महिन्याने दुसरं.  पहिल्या वेळी बाबांनी टीचरांना बोलावून घेतलं. माझा हात नाही धरला, त्यांचा धरला. आत जाताना त्यांना म्हणाले, त्या दिवशी मी फार बोललो. टीचर म्हणाल्या, बरोबरच बोललात. डावा डोळा पूर्वीसारखा नाही झाला, पण उजवा वाचला. आज बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. पेपर वाचतात, भाजी निवडतात, नातीच्या कॉलेजच्या फॉर्मवरच्या चुका काढतात.

आणि माझं? बाबांच्या पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याने टीचरांनी मला जेवणाच्या वेळेत आत बोलावून खुर्चीत बसवलं. काही न विचारता जवळचा नंबर काढला. दोन दिवसांनी चष्मा तयार करून माझ्या हातात दिला. तपकिरी फ्रेम, मी गिऱ्हाइकांना नेहमी दाखवायचे तीच. म्हणाल्या, "घाल आता. सगळ्या गल्लीला कळलंय, तुलाच तेवढं कळत नव्हतं."

मी चष्मा घातला आणि बिलावरचे आकडे असे लख्ख दिसले की मलाच माझी लाज वाटली. आणि मनात आलं, यांना ठाऊक आहे. अक्षर कोणी मोठं केलं, का केलं, सगळं ठाऊक आहे. फडक्याची गोष्ट यांनी माझ्यासाठी रचली. मला शेठसमोर, बाबांसमोर झाकून घेतलं आणि आता हा चष्मा देऊन विषय मिटवला. मी त्यांच्या हाताला धरून नुसतीच बसले. बोलायची गरजच नाही, असं मला वाटलं. सहा वर्षं मी हेच धरून चालले होते. टीचर त्यानंतर दुपारी जेवून आल्यावरही मोजायला लागल्या, दिवसातून दोनदा. मला वाटायचं, माझ्यासारख्यांवर लक्ष ठेवायला.

गेल्या महिन्यात टीचर गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी दुकानात आल्या नाहीत, पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला. मी बाबांना घेऊन गावठाणात गेले. पुढच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं, निळ्या ड्रेसमध्ये, हातात रोझरी, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. गल्लीतली अर्धी माणसं तिथे. कोणाला बघितलं तरी चष्मा, आणि प्रत्येक चष्मा त्यांनी काढून दिलेल्या नंबरचा. बायका हळू आवाजात प्रार्थना म्हणत होत्या.

बहिणीला मी याआधी दोन-चारदाच भेटले होते. त्यांनी बाबांना ओळखलं. बाबा म्हणाले, तुमच्या बहिणीमुळे मी तुम्हाला आज बघतोय. बहीण रडता रडता हसल्या.

"तुमचं फार लागलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एकदाच चुकले म्हणायची, आणि तेही असं की एका माणसाचे डोळेच गेले असते. शेवटपर्यंत तिला कळलं नाही की नुसत्या फडक्याने कसं झालं. घरात टीव्हीचा रिमोट पुसायला घेतला की माझ्या हातून काढून घ्यायची. रात्री प्रार्थनेत त्या नऊ जणांची नावं घ्यायची, तुमचं शेवटी."

मी ऐकत होते. आधी मला नीट कळलंच नाही. मग कळलं. फडक्याची गोष्ट त्यांनी रचलेली नव्हती. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला झाकलं नव्हतं, माफ केलं नव्हतं. चष्मा दिला तो माझे डोळे बारीक व्हायचे म्हणून दिला, बाकी कशासाठीही नाही. सहा वर्षं त्या बाईने माझी चूक आपली समजून खरोखर वाहिली, रोज, प्रार्थनेत, आणि मी रोज चार हात अंतरावर काउंटरला उभी होते.

मी बहिणीला सांगितलं. तिथेच, सगळ्यांत, जमेल तसं. काउंटरचा कॉम्प्युटर बंद होता, मला बारीक दिसत नव्हतं, मी मोठं केलं आणि परत लहान करायला विसरले. बाबा शेजारीच होते, त्यांनीही ऐकलं. प्रार्थना म्हणणाऱ्या बायका थांबल्या.

बहीण डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. रागावतील असं वाटलं, रागावायलाच हव्या होत्या.

"मला काय सांगतेस गो," त्या म्हणाल्या. "तिला सांग."

मी पुढे गेले. मेणबत्तीची धग गालाला लागत होती. टीचरांच्या कपाळावरचे केस कोणीतरी पाण्याने बसवले होते. मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, दुकानात सांगायचे तसं, की टीचर, ती सेटिंग मी बदलली होती, तुमच्या फडक्याने काही झालं नव्हतं, तुमचं माप एकदाही चुकलं नाही. शेवटचे शब्द नीट निघाले की नाही मला माहीत नाही.

मी तिथेच उभी राहिले. मागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाबांनी भिंतीकडची एक खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली होती.  मी बसले, तेव्हा ते तसेच खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, टीचरांना मातीला न्यायला माणसं येईपर्यंत.